अंगठा लागत नाही

मी एका म्हाताऱ्या बाईला चुकीची गोष्ट सांगितली. सांगताना ती चुकीची आहे हे मला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी कळलं. त्यानंतरचे पाच आठवडे मी गप्प बसले. पहिल्या भागाबद्दल मी स्वतःला माफ करू शकते. चूक कुणाच्याही हातून होते. लिहायचंय ते गप्प बसण्याबद्दल.

शहापुरात तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दाखल्यांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नाच्या पत्रिकांचे मजकूर, असलं काम. काही वर्षांपूर्वी दुकानातला जुना संगणक इतका रखडायला लागला की गिऱ्हाईक अर्ज द्यायचं, चहा पिऊन यायचं, तरी माझं पान उघडलेलं नसायचं. नवा घ्यायची ऐपत नव्हती. मग नेटवर वाचून वाचून मी त्यावर लिनक्स टाकलं. संगणक चालवणारी ही प्रणाली फुकट मिळते, कुणालाही आतून उघडून बघता येते. संगणक एकदम हलका झाला, पण प्रिंटर बंद पडला. बाहेरून जोडलेलं यंत्र कसं चालवायचं हे संगणकाला सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो या नव्या प्रणालीसाठी सापडेना. नऊ दिवस मी शोधत होते. कुठल्या कुठल्या देशातली, कधी न दिसणारी माणसं मला उत्तरं लिहीत होती. दहाव्या दिवशी सकाळी प्रिंटरनं खर्रकन एक पान बाहेर टाकलं, तेव्हा मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या पानानं मला थोडी घमेंड आणली. बायकांना यातलं काय कळतं, असं ज्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं ते पुरुषही त्यांचे बिघडलेले संगणक माझ्याकडे आणायला लागले. मी ज्याच्या त्याच्या मशीनवर लिनक्स टाकायचे आणि वर भाषण द्यायचे. माझ्या भावानं तर त्याच्या लॅपटॉपला हात लावायला मला सक्त मनाई केली होती. या घमेंडीचा पुढे संबंध येतो म्हणून सांगितलं.

शहापुरातले एक निवृत्त डॉक्टर दर गुरुवारी शेणव्याला मोफत दवाखाना चालवतात. एका बंद पडलेल्या भातगिरणीची खोली त्यांना मिळाली आहे. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला देतात. त्यांच्याबरोबर किन्हवलीकडच्या एक सिस्टर असतात. येणाऱ्यांत बहुतेक आसपासच्या पाड्यांवरच्या बायका. अडचण अशी व्हायची, की एकाच पाड्यावर एकाच नावाच्या तीन तीन बायका, नवऱ्यांची नावंही तीच, आणि केसपेपर कधी भिजलेला तर कधी घरीच राहिलेला. एकदा दोघींच्या गोळ्यांची अदलाबदल झाली. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. त्यानंतर डॉक्टरांनी मला विचारलं, "यावर काही करता येईल का?"

मला हेच हवं होतं. डॉक्टरांच्या एका मित्राचं ऑफिस बंद झालं होतं, तिथून एक जुना लॅपटॉप आणि अंगठ्याचा ठसा घेणारं एक छोटं यंत्र मिळालं. लॅपटॉपवर अर्थातच मी लिनक्स टाकलं. सिस्टर म्हणाल्या, "अहो, मला जे येतं तेच राहू द्या की." मी त्यांना समजावलं की हे जास्त चांगलं आहे, शिकाल तुम्ही. यंत्र बनवणाऱ्यांनी दिलेला ड्रायव्हर बसवायला दोन दिवस लागले, पण बसला. बाईनं अंगठा ठेवला की तिची माहिती पडद्यावर उघडायची: मागच्या वेळचं प्रेशर, चालू गोळ्या, सगळं. मी दर गुरुवारी दुकान बहिणीवर सोपवून जीपनं शेणव्याला जाऊन बसायला लागले. चार-पाच महिने ते झकास चाललं.

आषाढात एका बुधवारी दुकानात बसल्या बसल्या मी त्या लॅपटॉपचे सगळे अपडेट उरकून टाकले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यंत्राचा दिवाच लागेना. प्रणालीचा गाभा बदलला होता आणि जुना ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नव्हता. हे होऊ शकतं हे मला माहीत होतं. आधी तपासून बघायला हवं होतं, तेही माहीत होतं.

बाहेर चाळीसेक बायका बसलेल्या. भाताची लावणी ऐन भरात, प्रत्येकीला शेतावर परत जायची घाई. डॉक्टरांनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. मी मोबाईल घेऊन रेंजसाठी गिरणीच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. लोकांनी मिळून लिहिलेला एक दुसरा, सामाईक ड्रायव्हर होता; तो अशा बऱ्याच यंत्रांना चालतो. तो उतरवून घेतला, बसवला, लॅपटॉप बंद करून चालू केला. दिवा लागला. मी माझा अंगठा ठेवला. आम्हा तिघांची नावं नमुन्यादाखल आधीच घातलेली होती; माझं पटकन उघडलं, मग सिस्टर आणि डॉक्टरांचंही. सिस्टर म्हणाल्या, "आहे बाई डोकं तुम्हाला!" आणि माझ्यासाठी चहा मागवला.

बसवताना पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येऊन गेली होती. या यंत्राला हा ड्रायव्हर पूर्ण चालत नाही, चित्र कमी दर्जाचं येऊ शकेल, अशा अर्थाची. मी ती वाचली. वाचून पुढे गेले. माझा अंगठा लागला होता ना.

माझा अंगठा. की-बोर्डावर वाढलेला, वरण-भात कालवणारा, लोण्यासारखा मऊ अंगठा.

त्या दिवशी आठवी की नववी आली ती आजी. शेणव्यापासून थोडं आत एक पाडा आहे, तिथली. ठेंगणी, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, पिंढऱ्यांवर वाळलेला चिखल. ती थेट खाचरातून आली होती. तिनं अंगठा ठेवला. पडद्यावर आलं, ओळख पटली नाही. पदराला पुसून परत ठेवला. नाही. मी म्हटलं, दाबून ठेवा. मग म्हटलं, एवढं दाबू नका. पाच-सहा वेळा झालं.

"लागत नाय का गो बाय?" तिनं विचारलं.

"लागायचा की यांचा," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या महिन्यात एका फटक्यात लागला होता."

तेव्हा मी म्हणाले, "आजी, तुमचा अंगठा झिजलाय. लावणीनं. दिवसभर चिखलपाण्यात हात, रोपं उपटायची, खोचायची. त्यानं बोटावरच्या रेघा जातात."

हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते अगदीच खोटंही नाही. म्हणूनच ते मला इतकं पटकन सुचलं. डॉक्टरांनीही मान डोलावली. रांगेतल्या बायका आपापले अंगठे उजेडात धरून बघायला लागल्या. मला आठवतं, मला जरा बरंच वाटलं होतं. काहीतरी शास्त्रीय सांगितल्यासारखं.

डॉक्टरांनी आजीचं प्रेशर बघितलं, कागदावर लिहिलं आणि महिन्याच्या गोळ्या दिल्या. कुणी तिला अडवलं नाही. फक्त ती उठताना मी म्हणाले, "पुढच्या वेळेला अंगठा लागला पाहिजे हं आजी. बोटांना जरा जपा."

सहज म्हणाले. आपण म्हणतो तसं. माझ्या यादीत एक जागा रिकामी राहिली होती, ती मला खटकत होती, एवढंच. आजीनं मात्र ते नीट ऐकून घेतलं. "बरं बाय," म्हणाली आणि अंगठा मुठीत धरून गेली.

त्या दिवशी आणखी चार जणींचे अंगठे लागले नाहीत. पुढच्या दोन गुरुवारी मिळून सहा. सगळ्यांना मी तेच सांगितलं. सिस्टरही सांगायला लागल्या, त्या तर रागावूनच सांगायच्या, "रात्री खोबरेल चोळत जा, किती वेळा सांगू?" कुणी लिंबू चोळून अंगठा पुन्हा लावून बघायला आली, कुणी राख. एक जण दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून लावणी करत होती, असं तिच्या जावेनं सांगितलं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मी दुकान अर्धं उघडं ठेवून लॅपटॉप साफ करत बसले होते. प्रत्येक ठशाचं चित्र एका फोल्डरमध्ये साठतं, ती खूप झाली होती. जुनी काढून टाकावी म्हणून मी चाळायला लागले. आणि मला आजीच्या अंगठ्याची दोन चित्रं शेजारी शेजारी दिसली.

एक पहिल्या नोंदणीचं, उन्हाळ्यातलं. रेघ अन् रेघ स्पष्ट. मधोमध एक आडवा व्रण, बहुधा विळ्याचा. दुसरं लावणीतलं, नव्या ड्रायव्हरनं घेतलेलं. धुरकट, पुसट, कडेला कापलेलं. त्यात रेघा नव्हत्या, पण व्रणसुद्धा नव्हता. व्रण काही तीन महिन्यांत झिजून जात नाही.

मी माझ्या अंगठ्याची दोन चित्रं काढून बघितली. माझंही नवं चित्र तसंच धुरकट होतं. फक्त माझ्या रेघा इतक्या ठसठशीत, की धुरकट होऊनही ओळखता येत होत्या. सिस्टरांचं तसंच. डॉक्टरांचं तसंच. ज्यांचे हात मऊ होते त्यांचं निभावून गेलं होतं, आणि ज्यांचे हात आधीच कामानं थोडे पुसट झालेले, त्यांना तो निकृष्ट फोटो नडला होता. अकरा जणी. मी नावं मोजली.

त्या दिवशी मी जेवायला गेले नाही. बहिणीनं डबा पाठवला, तोही तसाच राहिला. बनवणाऱ्यांच्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधली. ती नव्या गाभ्याशी जुळवून घ्यायला काय काय बदलावं लागतं हे एकानं लिहून ठेवलं होतं. तसं केलं. चुकलं. पुन्हा केलं. मग कळलं की यंत्र जोडलं की तो सामाईक ड्रायव्हरच आधी धावून त्याचा ताबा घेतो, त्यामुळे दुसऱ्याला जागाच मिळत नाही. त्याला बंदी घालणारी एक ओळ एका फाईलमध्ये लिहावी लागते. ती लिहिली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दिवा लागला आणि ठसा आला, काचेसारखा स्वच्छ. एक ओळ होती फक्त. तीन आठवड्यांपूर्वी ओट्यावर उभी असताना अर्धा तास जास्त शोधलं असतं तर तीच सापडली असती.

पुढच्या गुरुवारी सगळ्यांचे अंगठे लागले. ज्यांचे लागत नव्हते त्यांचेही, पहिल्या फटक्यात. सिस्टर खूश झाल्या. "बघा, लावणी संपली, बोटं भरली!" असं त्या सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "हो ना हो?"

मी म्हटलं, "हो."

पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. 'हो' म्हणायच्या आधी माझ्या डोक्यात जे काही आलं ते मला जसंच्या तसं आठवतं: डॉक्टर म्हणतील, तुमच्या त्या फुकटच्या प्रणालीचा हट्ट नको होता, सिस्टर म्हणतील, मी सांगतच होते, आणि गिरणीबाहेरच्या बायका माझ्याकडे बघतील. आता तर सगळं दुरुस्त झालंय, सांगून कुणाचं काय भलं होणार, असंही मी स्वतःला म्हणाले. हे शेवटचं मला फार पटलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी आजीचा महिना भरत होता. ती आली नाही. दुपारी यादी बघताना सिस्टर म्हणाल्या, "ती पाड्यावरची आजी राहिली." खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तिचा अंगठा लागला असता, ती खूश झाली असती, मला काहीतरी बोलली असती, आणि मला ते ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा नाही आली ते बरं. पुढच्या आठवड्यातही नाही. त्याच्या पुढच्याही. निरोप पाठवायला हवा, असं दर वेळी माझ्या मनात यायचं आणि मी दुसऱ्या कामाला लागायचे. पाड्यावरची कुणी ना कुणी रोज बाजाराला शहापुरात येत असते. एक निरोप द्यायचा होता.

आठव्या आठवड्यात आजीची सून आली. तिला मी आधी पाहिलेलं नव्हतं. तिशीतली, उंच, दमलेली. खोकल्यासाठी आली होती. नाव-गाव सांगताना ती म्हणाली, "आमची म्हातारी यायची इथं."

"अगं हो, कुठे आहेत त्या? येत का नाहीत?" सिस्टरांनी विचारलं.

"मुरबाडला हाय, नणंदेकडं. चक्कर येऊन बांधावरनं पडली. कपालाला टाके पडले चार. परेशर लय वाढलेलं बोल्ले तिकडचे डॉक्टर."

डॉक्टरांनी मान वर केली. "गोळ्या घेत नव्हती का?"

"अर्धी अर्धी घेत व्हती. मला बोल्ली, महिन्याचं दोन महिने पुरवते. अंगठा बरा जाल्याबिगर जायचा नाय दवाखान्यात, बाय रागावंल."

बाय म्हणजे मी.

मी तिथेच सांगायला हवं होतं. सून समोर होती, डॉक्टर होते, सिस्टर होत्या. मी यादीत तिचं नाव घालत राहिले. सून औषध घेऊन गेली. रांग संपली, डॉक्टर हात धुवायला उठले, तेव्हा कुठे मी म्हणाले, "मला काहीतरी सांगायचंय."

सगळं सांगितलं. ड्रायव्हर, ती न मानलेली ओळ, दोन चित्रं, आणि पाच आठवडे. डॉक्टर ओल्या हातांनीच ऐकत उभे राहिले.

"आजी कशानं पडली हे आपल्याला ठाम सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण गोळी अर्धी का झाली हे सांगता येतं." मग टॉवेल घेत, "किती जणी?"

"अकरा."

"अकरा जणींना सांगा. तुम्ही. मी नाही सांगणार."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. सिस्टर मात्र रागावल्या. पिशवीत वस्तू भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी त्या बायकांना वाट्टेल ते बोलले. खोबरेल लावत नाही, ऐकत नाही, आळशी आहेस. तुमच्या भरवशावर बोलले मी. मला एकदा तरी सांगायचंत." जीपमध्ये त्या पुढे बसल्या, मी मागे.

दहा जणींना पुढच्या दोन गुरुवारांत सांगितलं. बहुतेकींनी हसण्यावारी नेलं. "मशीनच खराब व्हती? आन आमी राख चोळतो!" हातांना पिशव्या बांधणारी मात्र हसली नाही. तिनं नुसतं विचारलं, "मंग तवा हसलात कशाला?" माफ करा, एवढंच म्हणाले.

आजी मुरबाडहून परतल्याचं कळलं तेव्हा मी एका सकाळी पाड्यावर गेले. शेणव्यापर्यंत जीप, पुढे पायी. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. घर कौलारू, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, कडेला भोपळ्याचा वेल. आजी ओटीवर पाय पसरून बसली होती. कपाळावर व्रण ताजा, गुलाबी. मला बघून लगबगीनं उठायला लागली.

"बस गो बस," मी म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिच्याशी तिच्यासारखं बोलले असेन, आणि त्याचीही मला लाज वाटली.

सून आतून पाणी घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. मी तांब्या हातात घेतला आणि सांगायला लागले. वाटेत जुळवून आणलेलं सगळं विसरले. म्हणाले, "आजी, तुमचा अंगठा झिजलेला नव्हता. माझं मशीन खराब होतं. मीच नीट बसवलं नव्हतं. नंतर मला कळलं, तरी मी सांगितलं नाही."

आजीनं स्वतःचा अंगठा वर धरला. उलटा करून बघितला. "म्हंजे ह्यो चांगला हाय?"

"चांगला आहे. पहिल्यापासून."

तिचा चेहरा एकदम फुलला. मी तयारीनं गेले होते ती रागाच्या, रडण्याच्या. या फुलण्याची माझी तयारी नव्हती. ती सुनेकडे वळली. "आयकलास गो? चांगला हाय माझा अंगठा! तू बोल्लीस, कामचुकारपणा करते म्हातारी!"

मग मला हळूहळू उलगडलं. मी बोटांना जपा म्हटलं होतं. त्या दिवसापासून आजीनं चिखलात हात घातला नव्हता. जन्मभर लावणीला पुढे असणारी बाई ऐन लावणीत बांधावर बसून राहिली, बोटांना तेल लावत. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला, तो रविवारचाच घरी. सगळी खाचरं सुनेनं एकटीनं लावली. शेवटची दोन तर उशीर होऊन गेल्यावर.

"मी हिला नाय नाय ते बोल्ले," सून म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती अंगणाकडे. "खायला घालताना बोल्ले. मला वाटलं, नाटक करते. दवाखान्यातली बाय असं सांगंल कशाला? अंगठा झिजतो व्हय कधी? लावणी काय ह्याच वर्साला आली? मी बोल्ले, तू मेलीस तरी मी तुला..." तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "आन ती पडली."

आजी म्हणाली, "जाव दे गो. रागात मानूस बोलतं."

"तुला जाव दे," सून म्हणाली. "मला कसं जाईल?"

ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, गरजेपेक्षा मोठा. मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. म्हणाले, "चूक माझी आहे. तुमची नाही. तुम्हाला जे वाटलं ते बरोबरच होतं, अंगठा झिजलाच नव्हता." हे बोलताना माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या प्रकरणात बरोबर विचार केलेला असा एकच माणूस होता, ती सून. डॉक्टरांना, सिस्टरांना, मला, कुणालाच जे सुचलं नाही ते तिला सुचलं होतं: लावणी काय याच वर्षी आली? आणि त्या बरोबर असण्याचीच तिला शिक्षा झाली होती.

ती पाठमोरीच म्हणाली, "तुमी बोलून मोकल्या जाल्या. आता जावा, उन्हाच्या आधी."

आजीनं मला भोपळा दिला. मी नको नको म्हणत होते, तिनं पिशवीत कोंबलाच. वर विचारलं, "मंग गुरवारी येऊ ना गोल्यांना?" मी म्हटलं, याच, मी वाट बघते. ती आली. तिचा अंगठा लागला तेव्हा तिनं मागे वळून सगळ्या रांगेकडे बघितलं. आता ती महिन्याच्या महिन्याला येते, गोळी पूर्ण घेते, प्रेशर आटोक्यात आहे. माझ्यावर तिचा कसलाही राग नाही, आणि तिच्या समोर बसताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं.

आता कुठलाही नवा ड्रायव्हर बसवला की मी माझ्या अंगठ्यावर विसंबत नाही. रांगेतल्या ज्येष्ठ बायकांना आधी बोलावते, त्यांचे अंगठे लागले तरच पुढे जाते. इशाऱ्याची ओळ आली की वहीत उतरवून घेते आणि सिस्टरांना मराठीत सांगते. त्या "बरं" म्हणतात. आमचं बोलणं पहिल्यासारखं व्हायला दिवाळी उजाडली.

सून त्यानंतर दवाखान्यात आली नाही. खोकल्याचं औषध आजीच्या हाती मागवते. मागच्या महिन्यात शहापूरच्या बाजारात ती मला दिसली, डोक्यावर टोपली, बरोबर पाड्यावरच्या दोघी. मी थांबले. तिनंही मला बघितलं. क्षणभर वाटलं, काहीतरी बोलेल. तिनं टोपली सावरली आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालत राहिली. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तिला भर बाजारात थांबवायचा मला काय हक्क आहे? मी ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले आणि मग दुकानात परत आले.